प्रकल्प नोंदी: नौपाड्यातल्या वाचनालयाचे चौदा नग आणि ‘दिसत नाही’चा रकाना

२ जून २०२५, सोमवार

काम असं: वाचनालयात गेल्या वीसेक वर्षांत साठलेली डिजिटल सामग्री (दिवाळी अंकांचे स्कॅन, ठाण्यातली जुनी साप्ताहिकं, व्याख्यानांचं रेकॉर्डिंग) एका सर्व्हरवर आणायची आणि वाचनकक्षातल्या सहा विंडोज संगणकांवर फक्त वाचण्यापुरती खुली करायची. ग्रंथपालांनी दिलेल्या यादीत चौदा नग आहेत: दोन आयडीई (जुन्या, रुंद पट्टीच्या केबलच्या) डिस्क, सहा बाहेरून जोडायच्या किंवा केसिंगमधून काढलेल्या डिस्क, तीन पेनड्राइव्ह, कॅमेऱ्याची दोन कार्डं आणि ४६ डीव्हीडींचा एक डबा (यादीत एकच नग). शेवटच्या रकान्यात सात नगांपुढे एकच शेरा आहे: ‘दिसत नाही’.

हा शेरा तसाच घेऊन काम सुरू करता येत नाही. डिस्क आणि वाचक यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या असतात. डिस्कला पुरेशी वीज मिळाली पाहिजे. कर्नलला (सिस्टीमच्या गाभ्याला) ती साधन म्हणून ओळखू आली पाहिजे. तिच्यावरचा पार्टिशनचा (डिस्कच्या विभागांचा) तक्ता लागला पाहिजे. पार्टिशनच्या आत कोणती फाइल सिस्टीम (फाइली मांडायची पद्धत) आहे ते कळलं पाहिजे. ती माउंट व्हायला (फोल्डर म्हणून जोडली जायला) तयार झाली पाहिजे. योग्य फोल्डरवर चढली पाहिजे. वाचणाऱ्याला परवानगी हवी. आणि शेवटी फाइलचं नाव धड उमटलं पाहिजे. यांतली कुठलीही पायरी निखळली की विंडोजच्या खिडकीत ड्राइव्हचं अक्षर येत नाही किंवा रिकामा फोल्डर दिसतो, आणि माणूस म्हणतो, ‘दिसत नाही’. म्हणून यादीत नवा रकाना घातला: ‘कोणत्या पायरीवर अडलं’.

प्रत्येक नगावर आजच चिठ्ठी चिकटवली: ‘फॉरमॅट करू का, असं विचारल्यास नाही म्हणा’. विंडोजला न ओळखता येणारी फाइल सिस्टीम आणि खरोखर बिघडलेली डिस्क, दोन्हींपुढे ते एकच प्रश्न टाकतं. धोका डिस्कपेक्षा त्या बटणाचाच जास्त.

(या नोंदींत आज्ञा आणि पर्याय उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टर्मिनलवर त्या रोमनमध्येच द्यायच्या.)

३ जून, मंगळवार

सर्व्हर: वापरातला चार कोअरचा डेस्कटॉप, ८ जीबी मेमरी, सिस्टीमसाठी २५० जीबी एसएसडी, संग्रहासाठी ६ टीबीच्या दोन डिस्क, ६०० व्हीए यूपीएस. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या इतर गोष्टी: स्वतःचा वीजपुरवठा असलेला यूएसबी ३ डॉक, आणि १२ व्होल्टच्या अडॅप्टरसह आयडीई-साटा-यूएसबी जोडणी. डिस्क घेताना त्या सीएमआर (डेटाचे पट्टे एकमेकांवर न चढणाऱ्या) प्रकारच्या आहेत याची मॉडेल क्रमांकावरून खात्री केली. एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढलेल्या) डिस्कवर मिरर (दोन डिस्कवर एकच मजकूर) पुन्हा बांधायची वेळ आली की लिहिण्याचा वेग कोसळतो.

उबुंटू सर्व्हर २४.०४. दोन्ही डिस्कचा एमडीएडीएम या लिनक्सच्या साधनाने मिरर केला. पहिलं जुळवणं ११ तास चालणार. तोवर वापरता येतो, फक्त मंद. वर ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टीम) घातली. ही फाइल सिस्टीम मुळात ५ टक्के जागा रूटसाठी (मुख्य वापरकर्त्यासाठी) राखून ठेवते, म्हणजे ६ टीबीत ३०० जीबी. सिस्टीमच्या डिस्कवर ते शहाणपणाचं आहे, नुसत्या साठवणीत नाही. बनवतानाच ‘-एम १’ देऊन १ टक्क्यावर आणली. ‘६ टीबी घेतली आणि ५.५च दिसते’ हा प्रश्न येणारच, म्हणून उत्तर इथेच: डिस्क विकणारा १०००च्या पटीत मोजतो, संगणक १०२४च्या. चोरी कुठेही नाही.

एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे चढवायची त्या फाइलमध्ये) साधनाचं नाव (एसडीए, एसडीबी) लिहिलं नाही. ही नावं ज्या क्रमाने डिस्क सापडतात त्या क्रमाने पडतात. डॉक जोडून मशीन पुन्हा सुरू केल्यावर आजच एसडीबीची एसडीसी झाली. त्याऐवजी यूयूआयडी हा ओळखक्रमांक लिहिला. तो फाइल सिस्टीमच्या आतच कोरलेला असतो आणि केबल कुठेही खोचली तरी बदलत नाही. ‘एलएसबीएलके -एफ’ने तो दिसतो. ‘बाय-आयडी’ची (डिस्कच्या अनुक्रमांकावरून पडणारी) नावंही यापेक्षा वाईट: हा डॉक आत घातलेल्या प्रत्येक डिस्कचा एकच अनुक्रमांक सांगतो.

माउंट पॉइंटचं नाव देवनागरीत ठेवायचा मोह झाला होता. चालतं, पण सिस्टीमडी (सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा) प्रत्येक माउंटचं एक युनिट बनवतं आणि त्याच्या नावात प्रत्येक बिगर-आस्की (साध्या रोमनबाहेरच्या) बाइटची चार रोमन चिन्हं करतं. ‘संग्रह’ हा शब्द युनिकोडमध्ये सहा चिन्हांचा, १८ बाइटांचा. युनिटच्या नावात त्याची ७२ चिन्हं होतात. रात्री लॉग वाचताना ते कोणालाही ओळखू येणार नाही. माउंट पॉइंट रोमनमध्ये, आतले फोल्डर देवनागरीत, असं ठरवलं.

५ जून, गुरुवार

नग १ आणि २: ४० आणि ८० जीबी, साडेतीन इंची आयडीई. ‘दिसत नाही’चं कारण पहिल्याच पायरीवर. नग २चा जंपर ‘स्लेव्ह’वर होता, एकट्या डिस्कला जोडणीवर ‘मास्टर’ लागतो. नग १ला जोडणीबरोबरची १२ व्होल्टची वायर कोणी लावलीच नव्हती. यूएसबीच्या ५ व्होल्टवर साडेतीन इंची डिस्कची मोटर फिरत नाही.

जुन्या डिस्कला हात लावायची आमची पद्धत: जोडल्याबरोबर ‘ब्लॉकदेव --सेटआरओ’ने साधनच वाचनापुरतं करायचं, मग डीडीरेस्क्यू या साधनाने पूर्ण प्रतिमा (डिस्कची बाइटन्बाइट नक्कल) घ्यायची आणि पुढचं सगळं काम प्रतिमेवर. नुसतं ‘आरओ’ देऊन माउंट केलं की डिस्कवर काही लिहिलं जात नाही, असा समज आहे. ईएक्सटी३ आणि ईएक्सटी४च्या बाबतीत तो चुकीचा: जर्नल (चालू बदलांची नोंदवही) अर्धवट असेल तर ‘आरओ’ माउंटही आधी जर्नल लागू करतं, म्हणजे लिहितं. ते टाळायला ‘आरओ, नोलोड’ असं दोन्ही द्यावं लागतं.

प्रतिमेतलं पार्टिशन ६३व्या सेक्टरवर सुरू होतं. एक्सपीच्या काळची हीच चाल होती. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२२५६ बाइट; लूप माउंटला (प्रतिमेची फाइल डिस्कसारखी चढवताना) हा ऑफसेट दिला की झालं. (नव्या डिस्कवर सुरुवात बहुधा २०४८व्या सेक्टरवर, म्हणजे १०४८५७६.) ‘लोसेटअप -पी’ दिलं तर हिशेब तोच करतो, पण तक्ता फाटलेला असेल तेव्हा हाताने मोजता यायला हवं.

नग २ एफएटी३२. माउंट झाली, पण देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. फाइलींना काहीही झालेलं नाही. व्हीफॅट (एफएटीचा लांब नावांचा प्रकार) नावं यूटीएफ-१६मध्ये ठेवतं आणि कर्नल ती दाखवताना पश्चिम युरोपच्या अक्षरसंचात बसवायला बघत होता. ‘यूटीएफ८’ हा पर्याय देऊन पुन्हा माउंट केल्यावर नावं आली. ‘आयओकॅरसेट=यूटीएफ८’ देऊ नये: मग फाइल सिस्टीम लहान-मोठी रोमन अक्षरं वेगळी मानते आणि कर्नल स्वतःच तशी तंबी देतो.

पायऱ्यांची यादी सोमवारी आखली तेव्हा एक शेवटची राहिली होती, ती आज सापडली. नग १वरचे अंक पेजमेकरचे आहेत आणि मजकूर श्री-लिपीच्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटात. डिस्क, पार्टिशन, फाइल, सगळं शाबूत. उघडलं की रोमन अक्षरांचा चिवडा. हे काम वेगळं, या नोंदींत त्याचा पुढे विचार नाही.

७ जून, शनिवार

नग ३. ३ टीबीची डिस्क, केसिंगचा अडॅप्टर जळाला म्हणून कोणीतरी डिस्क बाहेर काढून थेट साटाला लावलेली. विंडोज म्हणतं फॉरमॅट करा. इथे साधन दिसतं, आकार बरोबर, पार्टिशनचा तक्ताही आहे, पण तो जिथे बोट दाखवतो तिथे फाइल सिस्टीम नाही.

कारण केसिंगमधल्या चिपमध्ये आहे. एमबीआर तक्ता सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत ठेवतो. ५१२ बाइटांचा सेक्टर धरला तर सीमा २.२ टीबीची, त्याहून मोठी डिस्क एक्सपीवर पूर्ण वापरता येईना. म्हणून त्या काळच्या बऱ्याच केसिंगनी युक्ती केली: आतली डिस्क ५१२चे सेक्टर सांगत असली तरी बाहेर ४०९६चे आहेत असं दाखवायचं. सीमा आठपट वाढली. पण तक्त्यातले सगळे आकडे मग ४०९६च्या हिशेबात लिहिले गेले. डिस्क केसिंगबाहेर काढली की तेच आकडे ५१२ने गुणले जातात आणि बोट भलत्याच ठिकाणी जातं. इथे पार्टिशनची सुरुवात २५६ अशी नोंदलेली आहे: ४०९६ने गुणलं तर नेमकं १०४८५७६, म्हणजे नेहमीचा १ एमबी. ५१२ने गुणलं तर १३१०७२, जिथे शून्यांशिवाय काही नाही. हा आकडा पाहिल्यावर निदानाला अजून पुरावा लागला नाही.

उपाय: ‘लोसेटअप’ला केवळ-वाचन, सेक्टर ४०९६ आणि पार्टिशन शोधण्याचे पर्याय (-आर, -बी ४०९६, -पी) देऊन डिस्कवर लूप साधन चढवलं. लगेच पार्टिशन आलं, एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टीम) ओळखली गेली, माउंट झाली. १.३ टीबी सामग्री, सगळी वाचता येते. इथे टेस्टडिस्कसारख्या साधनाने तक्ता ‘दुरुस्त’ केला असता तर चांगल्या तक्त्यावर लिहिलं गेलं असतं. दोष तक्त्यात नव्हताच, मोजपट्टी बदलली होती.

१० जून, मंगळवार

नग ४, १ टीबी, एनटीएफएस. यादीत ‘दिसते’ म्हणून नोंद, आणि विंडोजवर दिसतेही. आमच्याकडे लिहिण्यासाठी माउंट करायला गेलं की एनटीएफएस३ (कर्नल ५.१५पासूनचा ड्रायव्हर) नकार देतो: व्हॉल्यूम ‘डर्टी’ (नीट बंद न केलेला) आहे. फक्त वाचायला माउंट होते आणि आम्हाला तेवढंच हवं, तरी कारण लिहून ठेवणं गरजेचं, कारण स्कॅनिंगवाले ही डिस्क रोज लॅपटॉपला लावतात.

विंडोज ८पासून ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर कर्नलची अवस्था सी ड्राइव्हवर साठवून मशीन झोपतं. जोडलेल्या फाइल सिस्टीम त्याच्या लेखी अजून उघड्याच असतात. तेव्हा बाहेरची डिस्क उपटून दुसऱ्या संगणकावर तिच्यात लिहिलं आणि परत लॅपटॉपला लावली, तर लॅपटॉपला जुनीच अवस्था आठवते आणि तो नव्यावर जुनं लिहू शकतो. लॅपटॉपवर ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ चालवलं. याने हायबरनेटही जातं, ते चालणार आहे. शिवाय उपटण्याआधी ‘सेफली रिमूव्ह’. विंडोजवर एकदा सीएचकेडीएसके ही डिस्क-तपासणी चालवल्यावर डर्टीचा शिक्का गेला. लिनक्सवरचं एनटीएफएसफिक्स नावाला भुलून वापरू नये: ते काही मूलभूत विसंगती नीट करतं, जर्नल रिकामं करतं आणि विंडोजने तपासणी करावी अशी खूण ठेवतं, पूर्ण तपासणी स्वतः करत नाही.

नक्कल आरसिंकने, ‘-आरटी’ आणि परवानग्या आमच्या ठरवून. एनटीएफएस आणि एफएटीवरून येणाऱ्या मालक-परवानग्यांना इथे अर्थ नाही. त्या माउंट करताना आपणच वरून घातलेल्या असतात.

१२ जून, गुरुवार

नग १३: जुन्या नॅसमधली (नेटवर्कवरच्या साठवण-पेटीतली) २ टीबी डिस्क. माउंट केल्यावर ‘अनोळखी फाइल सिस्टीम लिनक्स-रेड-मेंबर’. ही मिररमधली एक बाजू आहे. आत नेहमीची ईएक्सटी४, वर रेडचं (डिस्क एकत्र बांधण्याच्या पद्धतीचं) वेष्टण. एमडीएडीएमला ‘--असेंबल --रन --रीडओन्ली’ सांगितलं. ‘रन’ नसेल तर दुसरी डिस्क येईल म्हणून ती वाट बघत राहते. पाच मिनिटांचं काम. यादीत मात्र तीन वर्षं ‘खराब’.

नग ५: ५०० जीबी, अडीच इंची. लावली की टिकटिक. टिकटिक म्हणजे हेड गेलं असं लगेच ठरवू नये. यूएसबी २चं पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतं, ३चं ९००, आणि मोटर सुरू होताना अशा डिस्कला क्षणभर १ अँपिअरच्या आसपास लागू शकतं. लांब, बारीक केबल असेल तर व्होल्टेज आणखी पडतं. केसिंगमधून काढून डॉकमध्ये घातली. टिकटिक थांबली, साधन दिसलं. पण वाचताना आय/ओ एरर येऊ लागल्या, म्हणजे खराब सेक्टर खरेच आहेत. दोन आजार एकाच रोग्याला.

डीडीरेस्क्यू पहिल्या फेरीत ‘-एन’ देऊन: सोपं ते आधी उचलायचं, अडलेल्या जागी रेंगाळायचं नाही. मग ‘-डी -आर३’ने उरलेल्या जागांवर तीन प्रयत्न. मॅप फाइल (कुठवर वाचलं याची नोंद) दिलीच पाहिजे. ती नसेल तर मधे वीज गेल्यावर पुन्हा शून्यापासून, आणि मरणाऱ्या डिस्कला दुसरी पूर्ण फेरी झेपेलच असं नाही. रात्रभर चालू ठेवलं, डिस्कवर छोटा पंखा.

१३ जून, शुक्रवार

नग ५: ३ एमबीच्या थोडं वर न वाचलेलं राहिलं. कोणत्या फाइली गेल्या हे कळण्यासाठी डीडीरेस्क्यूच्या ‘फिल’ पद्धतीने प्रतिमेतल्या त्या जागांवर एक ठरावीक खुणेचा मजकूर भरला, प्रतिमा माउंट केली आणि ग्रेपने ती खूण शोधली. सात फाइली निघाल्या: सहा स्कॅन, एक ध्वनिफीत. सहाही अंकांच्या छापील प्रती कपाटात आहेत, पुन्हा स्कॅन होतील.

१७ जून, मंगळवार

नग ६, मॅकवरची १ टीबी. जर्नल असलेली एचएफएस प्लस. लिनक्स ती वाचनापुरती माउंट करतो, विंडोज मुळीच नाही. डिस्क लगेच आली. दिवस गेला तो नावांवर.

या डिस्कवर मॅकने बनवलेल्या झिप आहेत. त्या उलगडून सर्व्हरवर काढल्यावर ‘शेतकऱ्यांची पत्रके’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी उभे राहिले. अक्षरन्अक्षर सारखं, तरी दोन. बाइट काढून पाहिले. विंडोजवर टाइप केलेल्या नावात ‘ऱ’ हे एक चिन्ह आहे, यू+०९३१. मॅकच्या झिपमध्ये तेच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांत फोडलेलं: यू+०९३० आणि यू+०९३सी. युनिकोडच्या दृष्टीने दोन्ही समान; एचएफएस प्लस नेहमी फोडलेलं रूप ठेवते. ईएक्सटी४ला त्याच्याशी देणंघेणं नाही, तिच्यासाठी नाव म्हणजे बाइटांची ओळ. बाइट वेगळे, फोल्डर वेगळा. शोधातही तेच: वाचकाने एका रूपात टाइप केलं तर दुसऱ्या रूपातली फाइल सापडणार नाही, आणि डोळ्यांना कारण दिसणार नाही.

‘कॉन्व्हएमव्ही’ हे साधन ‘--एनएफसी’ (जोडलेलं रूप) देऊन चालवलं. ते मुळात फक्त काय करणार ते सांगतं. खरंच करायला ‘--नोटेस्ट’ लागतं. एकत्र झाल्यावर जिथे दोन फोल्डरांचं एकच नाव होणार होतं (११ ठिकाणी) तिथे आधी हाताने आतल्या फाइली एकत्र केल्या.

तरीही ‘कोपऱ्यावरचे दुकान’ दुहेरी राहिलं. तिसरं रूप निघालं: जुन्या की-बोर्डांवर मराठीतला हा अर्धा र ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक (यू+२००डी) असा काढला जायचा. पडद्यावर फरक नाही, पण हे रूप युनिकोडच्या समानतेत बसत नाही, म्हणून एनएफसी त्याला हात लावत नाही. त्यासाठी वेगळी छोटी स्क्रिप्ट लिहिली: र, हलन्त, जोडक ही तिकडी दिसली की ऱ आणि हलन्त. मराठी फाइलींचा कुठलाही संग्रह एकत्र करणाऱ्याने हे आधी करावं. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ आपल्याकडे पावलोपावली आहेत. आणि एक गंमत: एनएफसी ‘ऱ’ जोडतं, पण हिंदीतलं ‘ड़’ मात्र एका चिन्हात असेल तर उलट फोडतं. नियमच तसा आहे, घाबरू नये.

१८ जून, बुधवार

नक्कल करताना ३८ फाइली ‘नाव फार लांब’ म्हणून अडल्या. एनटीएफएस नावाला यूटीएफ-१६ची २५५ एककं देतं, ईएक्सटी४ २५५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेतं, म्हणजे ईएक्सटी४वर जेमतेम ८५ चिन्हं. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे: ‘ज्ञा’ दिसायला एक, पण आत चार चिन्हं, १२ बाइट. स्कॅन करणाऱ्याने अंकाचं नाव, संपादक, विशेषांकाचा विषय असं पूर्ण मुखपृष्ठच फाइलच्या नावात लिहिलंय. १०० देवनागरी चिन्हं आणि १२ मोकळ्या जागा असल्या तरी ३१२ बाइट होतात. नावं आखूड केली, पूर्ण मजकूर सूचीच्या फाइलमध्ये ठेवला. पुढच्या स्कॅनसाठी नियम: साल, अंक, पान, बाकी सूचीत.

२० जून, शुक्रवार

डीव्हीडी. ४६पैकी ४१ सरळ आल्या. जोलिएट या चकतीवर नावं ठेवायच्या पद्धतीत नावाला ६४ चिन्हांची मर्यादा, त्यामुळे काही नावं लिहितानाच तुटलेली आहेत, ती परत येणार नाहीत. पाच चकत्यांवर बुरशीचे डाग; ठाण्याच्या पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल नसेल तर हे व्हायचंच. मऊ कापडाने केंद्राकडून कडेकडे पुसल्या (गोल नाही, आडव्या ओरखड्यावरून दुरुस्तीची यंत्रणा निभावून नेते, मार्गाच्या दिशेच्या ओरखड्यावर तिचा बिमोड होतो). डीडीरेस्क्यू २०४८ बाइटांच्या सेक्टरने. तीन पूर्ण, दोन अर्धवट.

कार्डं आणि पेनड्राइव्ह: अडचण नाही. ६४ जीबीची कार्डं एक्सफॅट, कर्नल ५.७पासून आतच ड्रायव्हर आहे. एका पेनड्राइव्हवर व्याख्यानाचं चित्रण तीन तुकड्यांत, कारण एफएटी३२वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही.

२४ जून, मंगळवार

सकाळी सर्व्हरवर लॉगिन होईना. एसएसडी १०० टक्के भरलेली. ‘डीयू’ने सगळे फोल्डर मोजले तर बेरीज १४ जीबी. बाकी २००हून जास्त जीबी कुठे?

रात्रीचा बॅकअप बाहेरच्या तिसऱ्या डिस्कवर जातो. काल ती डिस्क जोडलेली नव्हती. माउंट पॉइंट हा शेवटी साधा रिकामा फोल्डर असतो. डिस्क चढली नसेल तर त्यात लिहिलेलं मुकाट्याने खालच्या डिस्कवर, इथे एसएसडीवर, जातं. आरसिंकने जागा संपेपर्यंत लिहिलं. सकाळी कोणीतरी डिस्क जोडली, ती त्याच फोल्डरवर चढली, आणि खाली लिहिलेलं सगळं तिच्याखाली झाकलं गेलं. जागा व्यापलेली, पण मार्गच नाही, म्हणून ‘डीयू’ला दिसत नव्हतं आणि ‘डीएफ’ला (पूर्ण डिस्कची व्यापलेली जागा सांगणाऱ्या आज्ञेला) दिसत होतं. या दोघांच्या आकड्यांत मोठी तफावत आली की पहिला संशय हाच घ्यावा (दुसरा: पुसलेली पण अजून कोणीतरी उघडी धरलेली फाइल, ‘एलसॉफ +एल१’).

बघण्यासाठी रूट (इथे सर्वांत वरचा फोल्डर) दुसऱ्या फोल्डरवर ‘बाइंड’ माउंट केलं. बाइंडमध्ये वर चढलेल्या डिस्क येत नाहीत, त्यामुळे खालचं उघडं पडतं. पुसलं.

पुन्हा होऊ नये म्हणून तीन गोष्टी. डिस्क उतरवलेली असताना रिकाम्या माउंट पॉइंटला ‘चॅटर +आय’: आता डिस्क नसेल तर रूटलाही त्यात लिहिता येत नाही, बॅकअप लगेच त्रुटी देऊन थांबतो. चढलेल्या डिस्कवर याचा परिणाम नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘माउंटपॉइंट -क्यू’ची तपासणी. आणि बॅकअप डिस्क एफएसटॅबमध्ये ‘नोऑटो’. स्क्रिप्टच चढवते, काम झालं की उतरवते. कायम चढलेला बॅकअप हा एका चुकीच्या आज्ञेच्या अंतरावर असतो. मिरर असताना बॅकअप कशाला, अशीही विचारणा झाली: मिररमध्ये पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते.

उतरवताना ‘टार्गेट इज बिझी’ आलं तर ‘फ्यूजर -व्हीएम’ने कोण बसलंय ते बघायचं. बहुधा आपलंच एखादं टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उभं असतं. ‘यूमाउंट -एल’ ही सवय लावू नये. त्याने झाडावरून फोल्डर निघतो, पण लिहिणं संपलंय याची हमी मिळत नाही आणि माणूस केबल उपटतो.

२७ जून, शुक्रवार

सांबा (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्राम). एकच शेअर, केवळ वाचन. आधी पाहुणा प्रवेश ठेवला होता. सहापैकी दोन संगणक विंडोज ११ २४एच२चे, ते पाहुणा प्रवेश घेईनात. सुरक्षेच्या दृष्टीने त्यांचं बरोबरच आहे. ‘वाचक’ नावाचा सामायिक वापरकर्ता केला. सहाही संगणकांवर एस हे अक्षर दिलं, संग्रहाचं एस. (ए आणि बी रिकामीच असतात, तरी देऊ नयेत, ती फ्लॉपीची जुनी जागा, काही प्रोग्राम अजून तसंच वागवतात.)

ग्रंथपालांना त्याच मशीनवरून लिहिण्यासाठी वेगळं खातं हवं होतं. विंडोज एकाच सर्व्हरच्या नावाला एका वेळी दोन खात्यांनी जोडू देत नाही, त्रुटी १२१९. एकदा नावाने आणि एकदा आयपीने जोडलं की ते त्याला दोन सर्व्हर समजतं. जुगाड आहे, पण चालतो.

मॅकवरून आलेल्या काही नावांत अपूर्णविराम, म्हणजे कोलन आहे (‘ठाणे-बोरीबंदर: १८५३’). विंडोजमध्ये कोलन निषिद्ध, म्हणून सांबा त्याजागी अगम्य आखूड नाव दाखवतो. ६० नावं होती. कोलन काढून आडवी रेघ घातली.

१ जुलै, मंगळवार

वीज गेली, यूपीएस संपला, मशीन बंद. परत आल्यावर एस ड्राइव्ह उघडतो, पण रिकामा. यादीतला तोच शेरा पुन्हा कानावर.

मिरर तपासणीमुळे उशिरा उभा राहिला. एफएसटॅबमध्ये ‘नोफेल’ असल्याने बूट त्याच्यासाठी थांबला नाही. ते हवंच होतं, नाहीतर सिस्टीमडी मुळात ९० सेकंद वाट बघून आपत्कालीन कन्सोलवर जातं आणि दुसऱ्या मजल्यावर कीबोर्ड घेऊन चढावं लागतं. पण सांबाही थांबला नाही. त्याने रिकामा माउंट पॉइंटच लोकांना वाढला. सांबाच्या युनिटला ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ने संग्रहाचा मार्ग बांधला: संग्रह चढल्याशिवाय सांबा सुरूच होणार नाही. रिकाम्या फोल्डरपेक्षा ‘सर्व्हर सापडत नाही’ बरं. निदान त्याने कोणाला फाइली पुसल्या गेल्या असं वाटत नाही. ‘डीमन-रीलोड’, मग ‘फाइंडमाउंट --व्हेरिफाय’, मग मिरर मुद्दाम न जोडता एकदा रीबूट करून पाहिलं. बरोबर वागतं.

यूपीएसला यूएसबी केबल जोडून बॅटरी ३० टक्क्यांवर आली की मशीन नीट बंद होईल अशी व्यवस्था केली. ही केबल खोक्यातच पडून होती.

४ जुलै, शुक्रवार

नग १४, शेवटचा. १ टीबी, केसिंगचं यूएसबीचं तोंड मोडलेलं म्हणून डिस्क बाहेर काढली. साधन दिसतं, आकार बरोबर, पण तक्ता नाही. ४०९६ देऊन पाहिलं, नाही. सुरुवातीचे, मधले, शेवटचे काही एमबी काढून आकुंचित करून पाहिले: एक टक्काही कमी होत नाहीत. रिकाम्या डिस्कवर शून्यं सापडतात, बिघडलेल्या डिस्कवर कुठेतरी ओळखीचे तुकडे. सगळीकडे असा सपाट गोंधळ म्हणजे कूटबद्ध मजकूर. काही केसिंगची चिप पासवर्ड न ठेवताही सगळं कूटबद्ध करूनच लिहिते आणि किल्ली तिच्याकडेच असते. डिस्क चांगली आहे, वाचणारा सर्किट बोर्ड हवा.

बोर्ड फेकलेला नाही, डब्यात सापडला. यूएसबीचं तोंड बदलायचं. स्टेशनजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने सोल्डरिंगचे ३०० रुपये सांगितले. तोवर डिस्क आणि बोर्ड एकाच अँटिस्टॅटिक पिशवीत, वर चिठ्ठी: ‘हे दोन्ही वेगळे करू नयेत’. यादीतल्या रकान्यात: पायरी तिसरी, किल्ली बोर्डात.